मशेरीचं बोट

राजूर, ता. अकोले
२३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस,

राजीचा नमस्कार. मी ठीक आहे असं पहिल्याच ओळीत लिहितात. ते मी जरा पुढे लिहिते. इकडे थंडी चांगलीच पडली आहे, भात कापून झालं. आपली ज्वारी कशी आहे? तुझे गुडघे?

फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर लावतेस आणि रंगूकाकू त्यांच्या ओट्यावरूनच विचारतात, "मास्तरीणबाई, जेवलीस व्हय?" तू साक्षरता वर्गातली अक्षरं जुळवून वाचतेस, म्हणून मोठं आणि सुटं लिहिते आहे. एकटी असताना वाच. तुझ्याकडे एक मागणं आहे, ते लिहायला धीर होत नाही.

मागच्या आठवड्यात शाळेत मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ दिली. नंतर मी विचारलं, घरी दात कशानं घासता? एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी पेस्टनं, आई मशेरीनं. आजीला दातच न्हाईत, पन ती बी मशेरीनं." सगळा वर्ग हसला. मीही हसले, जेवढं हसता येतं तेवढं.

मला आपली आजी आठवली. ती तव्यावर तंबाखू भाजायला बसली की अख्खी आळी शिंकायची. पोस्टमन लांबूनच विचारायचा, "बनुबाई, आज तवा हाय का?" सकाळी सगळ्याजणी ओट्यावर तोंडात बोट घालून बोलायच्या. अर्धी अक्षरं बोटातच राहायची, तरी एकमेकींचं बरोबर कळायचं. दिवसभर ती तुला बोलायची, पण मशेरीची डबी तुझ्यापुढे सरकवायचीच. "घे गं, तेवढंच तोंड बंद ऱ्हाईल." मग तू दुकानातली पुडी आणायला लागलीस, भाजायचा ताप गेला म्हणून. आणि मी डी.एड.ला जाऊन लाल-निळ्या पट्ट्यांची पेस्ट आणली, तेव्हा आजी म्हणाली, "शिकली बया! आता दात बी इंग्रजीतनं घासती."

तू किती हसली होतीस.

आई, ती पेस्ट दाखवायला होती. होस्टेलवर मुलींसमोर ब्रश करायचे आणि मग संडासात कडी लावून बोटभर मशेरी. त्या वासानं वाटायचं, तू बाहेर ओट्यावर बसली आहेस. इथे खोलीवर एकटीच असते, लपवायचंही कारण उरलं नाही. शपथेच्या दिवशी सकाळीसुद्धा लावली होती.

उन्हाळ्यापासून उजव्या गालात आतून जखम आहे. ती भरत नाही. तोंडही पुरतं उघडत नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "आधी घास गिळ, मंग बोल." माझ्या तोंडात घास नव्हता, आई.

नगरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तुकडा काढून तपासला. ज्याची भीती होती तेच निघालं. गालाचा आतला भाग काढावा लागेल. शिकवता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आधी हे होऊ दे.

आता तू काय आठवत बसशील ते मला माहीत आहे. म्हणून मीच लिहिते. सहावीत माझी दाढ सुजली होती, तेव्हा तू मला पहिल्यांदा मशेरी लावलीस आणि ठणका थांबला. तुला कुणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं. पुडीवरची सूचना मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवत होते. हे लिहू की नको, यात दोन कागद फाडले. लिहिलं नसतं तर तू त्या दाढेपाशी एकटीच जाऊन बसली असतीस.

ऑपरेशन आठ डिसेंबरला आहे. बरोबर कुणाला तरी आणा म्हणाले. घरी अण्णांना तूच सांग, मला जमणार नाही.

आणि मागणं हे, की आधीच्या दिवशी मला तपासतील तेव्हा तूही त्या खुर्चीत बस आणि डॉक्टरांसमोर तोंड उघड. तू या दिवाळीत डावीकडूनच जेवत होतीस, मी पाहिलं आहे. तेव्हा विचारलं नाही, कारण तू मलाही विचारलं असतंस. मशेरी सोडून ये असं म्हणत नाही. ती माझ्यानंही अजून सुटलेली नाही. पण तू दाखवलं नाहीस तर मी खुर्चीत बसणार नाही, एवढं नक्की.

उत्तर लिहू नकोस. ये.

तुझीच,
राजी