गरजेपुरती मेमरी

प्रिय बडबडे,

हे नाव आता बदलायलाच हवं. गेले दोन महिने तुझ्याकडून मला फक्त अंगठे येतात. जेवलीस का, अंगठा. पोचलीस का, अंगठा. एवढं शिकवलं आणि मुलगी अंगठेबहाद्दर निघाली. म्हणून मुद्दाम कागदावर लिहिते आहे. यावर अंगठा उमटवलास तरी मला दिसणार नाही.

आधी बातमी सांगते, मग बाकीचं. आम्ही जिंकलो. घरोघर जाऊन जखमा बांधणाऱ्या आम्ही चौदाच्या चौदा सिस्टर आपापल्या जुन्या फोनांसकट फेरीवर आहोत. मला बसवण्यासाठी रेकॉर्ड रूममध्ये जी खुर्ची पुसून ठेवली होती, तिच्यावर साहेबांनी आता फायलींचा ढीग रचला आहे. मी रोज सकाळी जाता-येता त्या खुर्चीकडे बघते आणि मला फार बरं वाटतं.

माझी बाजू तुला कधी नीट सांगितलीच नाही, कारण त्या दिवशी आपण दोघींनीही फोन आपटला. तुमच्या कंपनीचं ॲप आमच्या ऑफिसने घेतलं तेव्हा मी खूश होते. जखमेचा फोटो काढायचा, चार रकाने भरायचे, काम झालं. ते बनवणाऱ्यांत माझी लेक आहे हे मी कुणाला सांगितलं नाही, पण पहिल्या दिवशी सगळ्या जणी त्यात डोकं खुपसून बसल्या होत्या तेव्हा मी उगाचच चहा पाजला. मग ते बंद पडायला लागलं. अर्धा फॉर्म भरावा आणि पडदा एकदम कोरा. मी तुला विचारलं तर तू म्हणालीस, आई, तुझा फोन जुनाट झालाय, चार जीबीत आता काही होत नाही, आठवाला घे. आणि मी म्हणाले, फोन जुना, सिस्टरही जुनी, दोघांनाही एकदमच भंगारात दे. माझं चुकलंच ते. पण तुझंही चुकलं होतं, आणि तेव्हा मला ते दाखवून देता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांचं फर्मान निघालं. ज्यांच्या फोनवर ॲप चालत नाही त्यांनी महिन्याभरात आठ जीबीचा नवा फोन घ्यावा, नाहीतर फेरी सोडून रेकॉर्ड रूममध्ये बसावं. मला निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आणि ती मी कागदांना भोकं पाडत काढणार नव्हते. त्यातून ते निवृत्त मास्तर. त्यांच्या पायाची जखम सात महिने मी बांधते आहे. तळहाताएवढी होती, ती नखाएवढी झाली होती. आता शेवटच्या नखासाठी त्यांना दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना.

मग मी आधी काय केलं असेल, तर भलतंच. फोनमधली गाणी पुसली, शुभेच्छांचे फोटो पुसले, तुझ्या बक्षीस समारंभाचा व्हिडिओसुद्धा पुसला (घाबरू नकोस, तो मावशीकडे आहे). अर्धा फोन रिकामा झाला आणि ॲप तसंच पडत राहिलं. आमच्यातली एक सिस्टर आहे, तिला आम्ही झाडूवाली म्हणतो. तिने सांगितलं, दर दहा मिनिटांनी सगळी ॲप बोटाने सरकवून बंद कर. तेही केलं. फोन आणखीच रेंगाळायला लागला.

शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेले. मला वाटलं होतं, हा नवा फोन गळ्यात मारणार. पण त्याने स्टूल पुढे केलं आणि माझ्या अज्ञानावर मनसोक्त हसून घेतलं. मग तो म्हणाला, सिस्टर, तुम्ही सामान काढलंत कपाटातलं आणि गर्दी आहे ट्रॉलीवर. तेवढ्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाणी, फोटो कपाटात राहतात. या घडीला जे काम चालू आहे ते ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर मांडलेलं असतं, आणि चार जीबी म्हणजे ती ट्रॉली. कपाट रिकामं केलं म्हणून ट्रॉली मोठी होत नाही. आणि ट्रॉली सारखी रिकामी करायची नसते, हेही त्यानेच सांगितलं. फोन मुद्दामच ती भरलेली ठेवतो, म्हणजे हवी ती वस्तू हाताशी असते. जागा कमी पडली की नको ते आपणहून मागे ढकलतो. झाडूवाली सारखी सगळं कपाटात नेऊन टाकते, आणि फोन बिचारा पुन्हा पुन्हा आणायला पळतो. तीस वर्षं मी ट्रॉली लावते आहे. हे मला कुणी आधीच या भाषेत सांगितलं असतं तर तुझा व्हिडिओ वाचला असता.

मग त्याने सेटिंगमध्ये एका आकड्यावर सात वेळा टिचकी मारून एक लपलेलं पान उघडून दिलं. कोणतं ॲप किती जागा खातंय ते तिथे दिसतं. आता मला दुसरं काय येतं? मी तापाचा तक्ता आखला. डावीकडे मेमरी, खाली वेळ, प्रत्येक पेशंटच्या घरी एक टिंब. अकरा दिवस. झाडूवालीचा झाडू काढून घेतला आणि तिलाही एक तक्ता दिला. पाचव्या दिवशीच रोग कळला. नवा पेशंट असला की ॲप ठणठणीत, आणि मास्तरांचं पान उघडलं की टिंब थेट कागदाबाहेर. मास्तरांचे फोटो साठ. तुमचं ॲप एक पान उघडायला साठच्या साठ फोटो पूर्ण आकारात मांडत होतं, आणि पुढच्या पेशंटकडे गेलं तरी आधीचे उचलत नव्हतं. कपाटात घडी घातलेली चादर केवढीशी असते, पण पसरली की खोली भरते. तशा साठ चादरी पसरून ठेवल्यावर माझा फोन तरी काय करणार.

बैठकीत साहेबांनी पुन्हा आठ जीबीचा जप सुरू केला. मी तक्ता टेबलावर पसरला आणि त्यांचा फोन मागितला. बारा जीबीचा, महिन्यापूर्वीचा, अजून काचेवरचा कागद निघालेला नाही असा. आधी माझ्या फोनवर जुन्या पेशंटची पानं एकेक उघडली. दुसऱ्यालाच ॲप पडलं. साहेब हसले. मग त्यांच्या फोनवर उघडत गेले. चौथा, पाचवा, सहावा. सातव्याला साहेब खुर्चीत पुढे सरकले. नवव्याला त्यांचाही पडदा कोरा झाला. मी एवढंच म्हणाले की मोठा फोन घेतला की ॲप पडायचं थांबत नाही, उशिरा पडतं. चौदा जणींपैकी एकही हसली नाही, आणि त्याबद्दल मला सगळ्यांचं फार कौतुक वाटतं. जिन्यात मात्र आम्ही पोट धरून हसलो. फर्मान संध्याकाळपर्यंत मागे, आणि माझा तक्ता फोटो काढून तुमच्या कंपनीला रवाना. खाली सही नव्हती, नुसतं ‘फेरीवरच्या चौदा सिस्टर’.

आता जरा मागचं. तू पाच वर्षांची असताना बाहुलीचं बोट कापलं म्हणून माझ्या पिशवीतला बँडेजचा अख्खा रोल उलगडला होतास. बाहुली दिसेनाशी झाली होती आणि तू अभिमानाने शेजारी बसली होतीस. मी ओरडले नाही. पुन्हा गुंडाळायला बसवलं आणि म्हणाले, गरजेपुरतं काढायचं, बाकीचं कपाटात. नंतर कितीतरी वर्षं हे वाक्य तू मला उलट ऐकवायचीस, मी भाजी जास्त आणली तरी.

तीन आठवड्यांपूर्वी ॲपची नवी आवृत्ती आली. काय बदललं ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. मी चष्मा लावून वाचलं. ‘फोटो आता गरजेपुरतेच उघडतील, बाकीचे कपाटात राहतील.’ कपाटात. सगळ्या जणी विचारायला लागल्या, हे कसलं कपाट, आणि मी पदराने डोळे पुसत चष्म्याची काच खराब असल्याचं सांगितलं. माझं अक्षर तू ओळखलंस. तक्ता पुढ्यात आल्यावर तो बाजूला सारणं तुला सोपं होतं, तू तसं केलं नाहीस. तो रोल तूच उलगडला होतास आणि तूच पुन्हा गुंडाळलास. मला तुझा फार अभिमान वाटला, अगदी बक्षीस समारंभापेक्षाही. आता माझा चार जीबीचा जुनाट दिवसभर चौदा घरं हिंडतो आणि संध्याकाळी ताजा असतो. मास्तरांची जखम परवा भरली. एकसष्टावा फोटो नुसत्या पायाचा आहे, आणि तो एका झटक्यात उघडला.

आता पत्राचं कारण. तुमच्या कंपनीने आमच्या साहेबांना कळवलंय की पुढची आवृत्ती आधी फेरीवरच्या एखाद्या अनुभवी सिस्टरने तपासावी, दर महिन्याला, तुमच्या ऑफिसात येऊन. चौदा जणींनी एकमताने माझं नाव दिलं. येत्या गुरुवारी साडेदहाला मी तुझ्यासमोर बसणार आहे, वहीसकट, आणि मला आधीच तीन चुका सापडल्या आहेत. मी तिथेही कुणाला काही सांगितलेलं नाही. तेव्हा सगळ्यांसमोर मला आई म्हणायचं की सिस्टर, हे तू ठरव. मला दोन्ही चालेल. मात्र उत्तर तोंडाने दे, अंगठा चालणार नाही.

तुझीच,
आई
(गुरुवारी साडेदहापासून, लागलंच तर सिस्टर)