त्र्याण्णव माणसांची ओळ

ठाकूरद्वार,
१७ नोव्हेंबर २०२५

यशोदावहिनींना कमलाकांतचा नमस्कार.

तुमचं पाकीट अनुजा गेल्या सोमवारी देऊन गेली. तुमची नात चहा नको म्हणाली, पण माझा गोळ्यांचा डबा पाहून चार प्रश्न विचारल्याशिवाय उठली नाही. माझं ठीक आहे. चौऱ्याऐंशीत जेवढं ठीक असतं तेवढं. गंगाधरच्या तेराव्याला परळला आलो नाही, तेव्हा फोनवर गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

पाकिटातलं त्या परदेशी बाईंचं पत्र वाचलं. पॅसिफिक महासागरात त्यांचं बेट आहे. तिथल्या लोकांची कोर्टात केस चालू आहे. जुन्या कागदांत त्यांना एक एस्टिमेट सापडलं, खाली नाव जी. धुरी. त्या विचारतात, आम्हाला तिथून हलवायचं असं कधी कुणाच्या डोक्यात तरी आलं होतं का? आणि तुम्ही वर चिठ्ठी जोडली आहे: ‘यांनी असल्या कामाला हात लावला होता का? खरं ते कळवा.’

या आठवड्यात तीनदा लिहायला बसलो.

१९७१ साली युरोपातल्या त्या बांधकाम कंपनीत गंगाधर आणि मी शेजारी बसायचो, एकाच खोलीत राहायचो. काम हवामान केंद्राचं आहे असं सांगितलं होतं. पण दीड मीटर जाडीच्या भिंती हवामानासाठी कोण बांधतं? अणुबॉम्बची चाचणी हे शब्द ऑफिसात कुणी उच्चारले नाहीत, एवढंच. तीन निर्जन प्रवाळबेटं नकाशावर होती. पोवळ्याचा चुरा दाबून धावपट्टी, जेट्टी, प्यायचं पाणी, बोटीने न्यायचं सिमेंट, सगळ्याचा हिशोब करून सर्वांत स्वस्त बेट निवडायचं होतं. आमच्या वाट्याला जे बेट आलं त्याचं एस्टिमेट गंगाधरने केलं.

चाळीस मैलांवर दुसरं एक बेट होतं, त्यावर वस्ती होती. ते कुणी विचारात घेतलं नव्हतं. गंगाधरने जुने कागद धुंडाळून आकडा काढला, त्र्याण्णव माणसं. त्यांना आठ महिने दुसरीकडे नेऊन ठेवायचं, बोटी, घरं, धान्य, अशी एक ओळ त्याने शेवटी घातली. त्या ओळीने आमचं बेट तिन्हींत महाग झालं. साहेबांनी ओळ काढायला सांगितली. वारा तिकडे वाहत नाही म्हणाले. गंगाधर नाही म्हणाला. मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

रात्री खोलीवर तो मला एवढंच म्हणाला, “कमळ्या, वारो फिरलो तर?”

सकाळी मी ती ओळ गाळून पान पुन्हा टाइप केलं. आमचं बेट सर्वांत स्वस्त ठरलं आणि तेच निवडलं गेलं. खाली माझं नाव घालता आलं असतं. त्याचंच राहू दिलं. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला आणि तो मुंबईला परतला. मी आणखी अकरा वर्षं तिथे काढली. परळच्या एका ऑफिसात तो जन्मभर लोकांच्या मोऱ्यांची मापं काढत राहिला, तुम्ही शिवणाचं मशीन चालवून मुलांची शिक्षणं केलीत. त्याला थंडी सोसली नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. बहुधा तुम्हालाही तेच माहीत आहे.

इथवर लिहिलेलं तुम्ही कदाचित माफही कराल. पुढचं ऐका.

८३ साली तुमच्याकडे गणपतीला आलो होतो. तुम्ही आत मोदक वाफवत होतात. गंगाधर खुर्ची ओढून जवळ आला आणि हळूच म्हणाला, “त्या माणसांका हलवल्यानी मा रे?”

मी म्हणालो, “हो. हलवलं.”

तो मग उठला आणि स्वतःच्या हाताने त्याने मला वाढलं. पुन्हा कधी विचारलं नाही. तो जाईपर्यंत बेचाळीस वर्षं माझ्या शब्दावर स्वस्थ राहिला.

कुणालाच हलवलं नव्हतं, वहिनी. ते मला ८३ च्या आधीपासून माहीत होतं. चाचणीच्या दिवशी वारा फिरला, राख त्यांच्या पाण्याच्या टाक्यांत पडली, तसा कागद ऑफिसात येऊन गेला होता. पत्र लिहिणाऱ्या बाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. गळ्यातल्या गाठींच्या दोन शस्त्रक्रिया झाल्यात. आई त्याच आजाराने गेली.

गंगाधरने हाताने लिहिलेलं मूळ पान माझ्याजवळ आहे. का ठेवलं, का जाळलं नाही, सांगता येत नाही. ओळ कुणी घातली आणि कुणी काढली, ते माझ्या नावानिशी लिहून दिलंय. पुतणी नूपुरने टाइप केलं, नोटरीला घरी बोलावून सही केली. उद्या दोन्ही कागद त्या बाईंकडे जातील. त्या पानाची झेरॉक्स सोबत आहे. अक्षर तुम्ही ओळखालच. अनुजाला दाखवा.

फोन करू नका. तुम्ही सवयीने माझ्या गुडघ्यांची चौकशी कराल.

त्याचा मित्र म्हणून तुमच्या घरी जेवत आलेला,
कमलाकांत त्रिलोकेकर