दम लागलेला आवाज

५ जुलै २००१, गुरुवार. गुरुपौर्णिमा.
रेडिओवर दीड वाजताच्या बायकांच्या कार्यक्रमात नवं कथाकथन सुरू झालं. परभणी केंद्र. सांगणारी सौ. अरुंधती, आडनाव नीट ऐकू आलं नाही. मी भाकरी थापत होते. गोष्ट व्रताची, माहितीतलीच. धाकटी सून, तिचा उपास, मेलेलं वासरू. ती म्हणाली, "वासरू मेलं नव्हतं बरं का. झोपलं होतं. धाकटीनं त्याच्या कानात सांगितलं, ऊठ ढवळ्या, ऊन आलं."
भाकरी करपली.
वासरू मरतं. सगळीकडे मरतं, पोथीतही. ढवळ्या होऊन उठतं ते फक्त आमच्या घरात. चार वर्षांची मा. रडून जेवेना, म्हणून मी उठवला होता त्याला. नावही माझंच.
लेक जिवंत आहे. सव्वादोन वर्षांनी कळलं.

६ जुलै
लेकीचं नाव घरात काढायचं नाही, हा यांचा हुकूम. परजातीतल्या मुलाबरोबर गेली त्या दिवसापासून. म्हणून वहीतही नुसतं मा. लिहिते. हिशेबाच्या वहीची मागची पानं. हे पुढचीच बघतात.
अरुंधती हे सासरचं नाव असणार. म्हणजे ताटात तांदूळ पसरून कोणीतरी अंगठीनं नाव लिहिलं. सासूनं लिहिलं असेल. कुणी हौस केली. एवढं कळलं तरी…
देवापुढं बसले. व्रताची कहाणी मी बदलली, म्हणून लेक गेली, असं दोन वर्षं मनात धरून आहे. कुणाला बोलले नाही. आता त्याच पापानं ओळखू आली. याला काय म्हणू?

१२ जुलै, गु.
हे शाळेतून जेवायला आलेले. (शाळेत क्लार्क, सकाळ-संध्याकाळ मारुतीची पूजा. दोन्हींत कधी खाडा नाही.) रेडिओ मी बंद केला नाही. मुद्दामच. आज एका चिक्कू सावकाराची गोष्ट. सावकार बोलायच्या आधी दोनदा खाकरतो, मग "हिशेब हा हिशेब" म्हणतो. हे हसले. ताटावर, मोठ्यानं. मा. गेल्यापासून पहिल्यांदा.
मग घास हातातच राहिला. ते खाकरणं आपलंच, हे यांना कळलं.
"बंद कर."
मी हलले नाही. हेच खरकट्या हातानं उठले, सेल काढले, कोटाच्या खिशात टाकले. "पुन्हा लावलास तर केंद्राला लिहीन, ही बाई कोण आहे ते."

१९ जुलै, गु.
जमनाबाईकडे गेले. तांड्यावरची, आम्हाला दही घालते. आता मागच्या गल्लीत घर बांधलंय. तिच्याकडे रेडिओ आहे.
"काहून बाई, तुमच्या रेडिओनं उपास धरला का?"
"सेल संपले."
"गुरुजींच्या खिशात वाजून राहिलेत ते कोणते मंग?"
तिनं पोतं अंथरलं. गोष्ट चालू झाली की ती रेडिओलाच हुंकार देते. "हां. मंग?" मध्येच, "बरं झालं मेल्याचं!" मी नुसता आवाज ऐकत होते. वाक्य संपता संपता दम तुटतो मा.चा. पूर्वी असं नव्हतं.

२६ जुलै, गु.
दम वाढला आहे. ज.बाई लसूण सोलत म्हणाली, "ही बाई दोन जिवांची हाय."
"कशावरून?"
"पाच लेकरं झाली मला. पायऱ्या चढल्यावानी बोलून राहिली बघा."
मलाही मा.च्या वेळी असाच लागायचा. पाचवा-सहावा महिना असेल. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिला माहेर कुठं आहे.

२७ जुलै
केंद्राला कार्ड टाकलं. "कथाकथन फार आवडते. सांगणाऱ्या ताईंना दम लागतो असे वाटते. त्यांनी सावकाश सांगावे, मध्ये पाणी प्यावे. एक श्रोती, गोरेगाव." नाव घातलं नाही. अक्षर ओळखेल ती.

२ ऑगस्ट, गु.
आणखी जड बोलते. आठवड्या-आठवड्याला फरक कळतो. मी ज.बाईच्या अंगणात बसून मा.चे महिने मोजते.
घरी येऊन जुनी मऊ साडी फाडली, दुपटी शिवायला घेतली. डिंक, अळीव थोडं थोडं आणून गव्हाच्या कोठीत ठेवते. हे कोठीत हात घालत नाहीत. कुणासाठी, कुठं न्यायचं, काही माहीत नाही. पण हात थांबत नाहीत.

९ ऑगस्ट, गु.
गोष्ट अर्ध्यात असताना ती थांबली. ग्लास ठेवल्याचा आवाज आला. मग आवाज मोकळा झाला.
पाणी प्यायली! माझं कार्ड पोचलं. मी म्हटलं आणि ती प्यायली.
ज.बाईला मिठी मारली. ती म्हणाली, "अवं, लसणाचे हात हायेत माझे." मग माझ्याकडे बघत बसली. "कोण हाय बाई ही तुमची?"
सांगितलं. पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

१६ ऑगस्ट, गु.
गोष्ट संपल्यावर निवेदिका म्हणाली, पुढच्या गुरुवारी या मालिकेतली शेवटची गोष्ट.
शेवटची. मग कशावर जगू? पत्ता नाही, आडनाव धड नाही. एक आवाज होता.
ज.बाई: "जा की परभणीला. ते का लंकेत हाय?"

१७ ऑगस्ट, शुक्रवार
यांना सांगितलं, नरसीला नामदेवांच्या दर्शनाला जाते. इतक्या वर्षांच्या संसारातलं पहिलं खोटं, आणि तेही देवाच्या नावावर. जीपनं हिंगोली, पुढं एस.टी.
परभणीत केंद्राच्या फाटकावर बसवून ठेवलं. मग कार्यक्रमाच्या बाई आल्या. चष्मा, घाईत.
"अरुंधतीताई आज येतील का?"
"त्या नाही येत हो. सगळं एप्रिलमध्येच रेकॉर्ड केलंय. एका दिवसात आठ गोष्टी. सातवा महिना होता, दुपारनंतर बोलवेना त्यांना. मध्ये पाणी दिलं मी. तो ग्लासचा आवाज कापायचा राहूनच गेला."
एप्रिल. माझं कार्ड जुलैचं.
आठवड्या-आठवड्यानं वाढलेला तो दम एका दिवसाचा होता. नुसती थकत चालली होती. मी बोटं मोजली. मे, जून. म्हणजे मी साडी फाडत होते तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कुणाच्या हातून, कसं…
"बाळंत झाल्या का त्या?"
"काहीच कळलं नाही. आमची दोन पत्रं परत आली. वसमतजवळच्या हट्ट्याचा पत्ता होता. घर सोडले, असा शेरा आहे. तुम्ही कोण त्यांच्या?"
"श्रोती," म्हटलं आणि फाटकापर्यंत आले. परत वळले. "आई," म्हटलं.
बाईंनी चष्मा काढला. पाकिटावरचा पत्ता चिठ्ठीवर उतरवून दिला.

१९ ऑगस्ट, रविवार
काल दिवसभर अन्न गेलं नाही. आज यांना सगळं सांगितलं. कार्ड, ज.बाई, परभणी, एप्रिल.
"म्हणजे नरसीला गेली नव्हतीस." एवढंच बोलून मारुतीला गेले. आले ते ओसरीवर बसले. मग विचारलं, "दोन महिन्यांचं असेल?"
"असेल."
"तिच्याजवळ कोण होतं तेव्हा?"


२१ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका.
वसमत स्टँड. निर्जळी उपास.
सकाळी हे म्हणाले, "पिशवी भर." कोठीतलं डिंक-अळीव, दुपटी भरली. दुपारी हट्टा. चिठ्ठीवरच्या घराला कुलूप. शेजारची बाई दारात ज्वारी पाखडत होती.
"गोष्टीवाली व्हय? गेले की ते. महिना व्हायला आला. टेम्पोत सामान टाकलं न् गेले."
"बाळ?"
"हाय की. पोरगी. लई रडकी. दुपारच्याला ती गोष्टी सांगायची तिला, भिंतीतून ऐकू यायच्या. एवढ्याशा लेकराला काय कळतं? आमीच ऐकत बसायचो."
हे पुढं झाले. "आणि ती? ती कशी होती?"
बाईनं सूप खाली ठेवलं. "खोटं काहून बोलू, बापू. भिंत धरून चालून राहिली होती. ताप निघंना. दवाखान्याच्या पायीच गेले म्हने. वसमतला का नांदेडला, ते मातर न्हाई ठाव."
वसमतात तीन दवाखाने झाले. पहिल्या खिडकीशी हे म्हणाले, "माधुरी. माधुरी नावाची बाळंतीण." इतक्या दिवसांनी ते नाव यांच्या तोंडून आलं, आणि दवाखान्याच्या वहीत ते नव्हतंच. मी मागून म्हटलं, "अरुंधती." यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तेच नाव सांगितलं. तेही नव्हतं. पुढच्या दोन्हीकडे आधी अरुंधती, मग माधुरी असं विचारलं.
हिंगोलीची शेवटची गाडी लागली आहे. कंडक्टर ओरडतोय. उद्या गणपती बसायचे, मारुतीच्या पारावर हेच बसवतात. मी म्हटलं, "उद्याचं काय?" हे नांदेडच्या फलाटाकडे वळले.
गाडी गेली.
नांदेडची अजून यायची आहे. मी विचारलं, नांदेडात दवाखाने किती असतील?
"एकेक करून बघू," म्हणाले. पिशवी माझ्या हातातून घेतली.