त्रेसष्टावा धडा

३ डिसेंबर
पाणी भरून झालं होतं, परातीत पीठ घेतलं होतं. आमचे हे लॅपटॉप घेऊन चुलीपाशी बसले आणि म्हणाले, आज मी वाचतो, तू पुस्तकात बोट ठेव. कोडोलीतल्या त्या सकाळी माझा पहिला धडा झाला. मी दुसरीतून शाळा सोडलेली. असे बासष्ट धडे यांनी आपल्या आवाजात भरले आणि ईमेलच्या खात्यात ठेवले. त्यांची दुसरी प्रत नाही. हे जाऊन दीड वर्ष झालं.

आज शिवाजी पेठेत भाड्यानं राहायला आले. दोन खोल्या आहेत, ऊन भरपूर आहे. गॅलरीतून तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांच्या जर्सी वाळताना दिसतात. खाली राहणाऱ्या मालकीण आक्कांनी गवारीची भाजी दिली, वर बजावलं, पुस्तकांची खोकी भिंतीला लावू नका, ओल हाय. वाचनालय चार घरांवर. बरं वाटलं.

६ डिसेंबर
फुकटची कादंबरी उतरवायला गेले आणि लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या दीपानं तो काढला. काकू, वाचनालयाची वर्गणी परवडली असती की, म्हणाली. हा व्हायरस पासवर्ड चोरतो. चोर खात्यात शिरला तर धडे पुसून टाकेल. तेव्हा आजच बदला, तोही माझ्या मशीनवर, असं तिनं सांगितलं.

मी उद्यावर टाकलं. तो पासवर्ड यांनी ठेवलेला आहे.

८ डिसेंबर
खात्यात त्रेसष्टावी फाईल आली आहे. आवाज यांचा. वाचतायत ती कादंबरी मी परवा वाचनालयातून आणली. काल मी जिथं सोडली तिथून पुढं.

हे वाचताना कधी थांबायचे नाहीत. हा आवाज थांबतो. जोडाक्षरावर माझं बोट अडतं, बरोबर तिथं.

९ डिसेंबर
दीपाला ऐकवलं. बासष्ट फायली हाती लागल्यावर कुणीही असा आवाज बनवू शकतो, म्हणाली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून तुम्ही त्याला दिसत असाल. लॅपटॉप तिनं दुकानातच ठेवून घेतला.

तिच्या मशीनवर पासवर्ड बदलला. मी टाइप करताना तिनं तोंड फिरवलं. हे गेल्यानंतर घडलेली एक गोष्ट पासवर्ड म्हणून ठेवली आहे. ती कुणालाच ठाऊक नाही. इथंही लिहीत नाही.

१० डिसेंबर
चौसष्टावी. मोबाइलवर ऐकली. पुस्तक वाचत नाहीत. माझा नवा पासवर्ड — अक्षर अक्षर सुटं करून, मला शिकवायचे तसा. दोनदा.

११ डिसेंबर
दीपा घरी आली. पुन्हा बदला, म्हणाली, न्हायतर खातंच बंद करू. मी म्हटलं, उद्या.

ती गेल्यावर आक्कांनी जिन्यातून विचारलं, वर कोण पावणं आलंय, सकाळपासून नुसतं वाचतंय. मी मोबाइल लावलाच नव्हता —

१२ डिसेंबर
दीपाकडं गेले. पासवर्ड बदलायचा नाही, असं सांगितलं. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, ते वाचता वाचता मध्येच थांबलेत, आणि मला अजून ते जोडाक्षर —