राजीनाम्याची मिरवणूक

अल मवालेह, मस्कत
१९ मे २०१५

प्रिय बंटी,

हे पत्र तुझ्या हातात देणारा माणूस बदरुद्दीन. आमच्याच मार्केटात केळीच्या गाळ्यावर आहे, सुट्टीवर मिरजेला चाललाय. त्याला बजावून सांगितलंय, पत्र घरी द्यायचं नाही, तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बंटीच्याच हातात द्यायचं. त्याला चहा पाज, जमलं तर मिसळ खायला घाल. दोन वर्षं बिचारा इथं माझ्या हातचं जेवतोय. मोबाइलवर चार ओळी टाकता आल्या असत्या, पण तुला मी ओळखतो लेका. चालता चालता वाचशील, अंगठ्याचं चित्र पाठवशील आणि पुढं जाशील. कागद हातात आला की माणूस निदान खाली तरी बसतो.

तुझं कळलं. फुटबॉलच्या नव्या लीगमधल्या संघानं करार दिलाय, सात महिन्यांचा, आणि आकडा ऐकून मला इथं कोल्ड स्टोअरमध्ये उभ्या उभ्या घाम फुटला. लई भारी, पोरा! मनापासून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. आपल्या पेठेतलं पोरगं टीव्हीवर खेळणार. पण त्याच दमात हेही कळलं, की येत्या सोमवारी तू ऑफिसात राजीनामा द्यायला चाललायस. तालमीच्या पोरांनी हलगी ठरवलीय, फेटे आणलेत, गुलालाचं पोतं येऊन पडलंय. ते ऐकलं आणि माझा उजवा गुडघा ठणकायला लागला. थट्टा नाही करत.

तू म्हणशील, बाबांनी काकाला कामाला लावलं. खरंय, लोकेशचा फोन शुक्रवारी आला होता. काय म्हणाला ते शेवटी सांगतो. आणि तू त्याला काय म्हणालास तेही मला कळलंय. तुम्ही आयुष्यभर घाबरून खुर्चीला चिकटून बसलात, लहूकाका निदान जगला तरी, असं म्हणालास ना? बापाला असं बोलतात का रे? पण तुझ्यावर रागवायचा हक्क मला नाही. का नाही, ते सांगायलाच बसलोय.

लहूकाका जगला म्हणजे काय, ते आधी बघ. दोन वर्षांतून एकदा मी गावी येतो. अत्तराच्या बाटल्या, चॉकलेटं, तुला जर्सी. तुम्हा पोरांना वाटतं, काकाचं मस्त चाललंय. इथं माझं काम म्हणजे भाजीपाल्याच्या कोल्ड स्टोअरची देखरेख. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत चार. दिवसातून तीस वेळा आत-बाहेर. मे महिन्यात स्वेटर घालून फिरणारा माणूस पाहिला नसशील, तो मी. गुडघ्यात दोन स्क्रू आहेत, त्यांना थंडी लागते. इराणचं कलिंगड, आपल्याकडचा कांदा, पेट्या मोजायच्या, सडकं बाजूला काढायचं, ड्रायव्हरांना यल्ला यल्ला करत हाकायचं. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, भला माणूस आहे, पगार तारखेला देतो. तक्रार नाही माझी. पण चव्वेचाळिसाव्या वर्षी दमलोय रे बंटी. झोपून उठलं तरी दमलेला असतो, असं दमणं. आणि अजून दहा वर्षं तरी हेच करायचंय, कारण मागं काही ठेवलेलं नाही.

इथं आमच्या मार्केटात रशीद म्हणून एक ओमानी आहे. नगरपालिकेचा माणूस, वजनकाटे तपासायला येतो. ऐन उमेदीत इथल्या एका क्लबाचा बॅक होता, पंधरा वर्षं खेळला. सकाळी ऑफिस, संध्याकाळी बॉल. त्या काळी इथं सगळे असेच खेळायचे म्हणे. शुक्रवारी मार्केटामागच्या मातीच्या मैदानावर आम्ही म्हातारे मिळून बॉल मारतो, तेव्हा तो मला एकदा म्हणाला, मी खेळ सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामावर गेलो, खलास. मी त्याला विचारलं, रडायला नाही आलं? म्हणाला, आलं की, पण ऑफिसात हजेरी लावून रडलो. मी हसलो तेव्हा. आता त्याचा पुतण्या नुसता खेळतो, नोकरी नाही. पगार कधी वेळेवर येतो, कधी येत नाही. रशीद रोज त्याची काळजी करतो आणि रोज त्याची मॅच बघायला जातो.

आता माझं ऐक. सत्त्याण्णव साल. मी आणि तुझा बाप, एकाच तालमीतले दोस्त, तू आता आहेस त्याच ऑफिसात, खेळाडूंच्या जागेवर लागलेले. मी पुढं, तो मधल्या फळीत. तो बॉल द्यायचा आणि मी गोल मारायचो, नाव माझं व्हायचं. पुढं नारळ फोडणारा दिसतो, मागनं तो हातात देणारा कुणाला दिसत नाही. त्या वर्षी गोव्याच्या एका क्लबाचा माणूस शाहू स्टेडियमवर फायनल बघायला आला होता. मी दोन गोल मारले. संध्याकाळी तो तालमीत आला आणि वर्षाला तीन लाख बोलला. पगार होता महिना साडेचार हजार. पेठेत नुसता दंगा! कुणीतरी म्हणालं, राजीनामा असा गुपचूप देऊ नका, वाजवत द्या.

आणि दिला वाजवत. हलगी, घुमकं, कैताळ. मला फेटा बांधलेला, जीपवर उभा केलेला. मंगळवार होता, भर दुपार. आमची वरात ऑफिसच्या दारात गेली आणि तिथं थांबली नाही, आत शिरली. जिन्यावरनं गुलाल उधळत दुसऱ्या मजल्यावर. फायली लाल, टेबलं लाल, बिचाऱ्या टायपिस्ट बायका पदर तोंडाला लावून उभ्या. साहेब केबिनमधून बाहेर आले, तर मी राजीनामा त्यांच्या हातात दिला नाही, टेबलावर फेकला. वर म्हणालो, ठेवा तुमची कारकुनी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अजूनही पेठेत ती गोष्ट सांगतात ना? तू तर कितीदा ऐकली असशील, आणि ऐकताना तुझे डोळे कसे चमकतात ते मी पाहिलंय.

त्या गोष्टीतलं एक कुणी सांगत नाही. जिन्यात, त्या गर्दीत, लोकेश मला आडवा आला होता. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. कानाशी येऊन म्हणाला, लहू, राजीनामा देऊ नको, ह्याच्यावर सही कर, बिनपगारी रजा आहे, जागा राहते, खेळून परत येता येतं. हलगीत मला अर्धंच ऐकू आलं, पण कळलं होतं सगळं. मी काय केलं माहीत आहे? त्याचा हात झिडकारला. कागद खाली पडला, लोकांच्या पायाखाली गेला. आणि चारचौघांत मी त्याला म्हणालो, तू कारकून जन्मलास, कारकूनच मरणार. सगळे हसले. तोही कसनुसा हसला. मग खाली वाकला आणि लोकांच्या पायांतून तो कागद गोळा केला.

पुढचं तुला ठाऊक आहे, निदान अर्धं. चार वर्षं राजा होतो. लाल मोटारसायकल, घराला स्लॅब, तालमीला नवं छप्पर, बहिणीचं लग्न असं की पेठेनं तीन दिवस तांबडा-पांढरा रस्सा ओरपला. मला वाटायचं, दर वर्षी तीन लाख येणारच, पाय तर माझेच आहेत. आपल्या पायांना सुट्टी नसते असं वाटण्याचं ते वय. दोन हजार एकच्या जुलैत, सरावाच्या मॅचमध्ये, ज्याचा कुणी स्कोअरसुद्धा लिहून ठेवत नाही असल्या मॅचमध्ये, गुडघा गेला. आवाज आला, वाळलेली फांदी मोडल्यासारखा. करार अकरा महिन्यांचा होता आणि नवा झाला नव्हता. क्लबानं फुलं पाठवली. मोटारसायकल गेली, तुझ्या सुलोचनाकाकूच्या पाटल्या गेल्या, तेव्हा कुठं ऑपरेशन झालं. एवढं होऊनही तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, की का रे असं केलंस. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता जे अर्धं तुला ठाऊक नाही ते. दोन हजार दोन साली कुबडी घेऊन मी त्याच ऑफिसात गेलो. नोकरी परत मिळते का बघायला. ते साहेब बदलून गेले होते, नवे होते ते नीट बोलले, पण जागा कधीच भरलेली. राजीनामा दिलेल्याला दार नसतं. बाहेर शांताराम शिपायानं मला बाकावर बसवलं, चहा आणला. म्हातारा निवृत्तीला आलेला, मनात ठेवून जायचं नव्हतं त्याला. मला जुनी फाईल दाखवली. त्या मंगळवारी एक अर्ज नव्हता बंटी, दोन होते. एक माझा, लोकेशनं जिन्यात गोळा केलेला, बिनसहीचा, पायाखाली मळलेला. दुसरा लोकेशचा. त्याची सही केलेला. शांतारामनं सांगितलं, त्या गोव्याच्या क्लबाला आम्ही दोघं हवे होतो. बॉल कोण देतो हे त्या माणसानं बरोबर हेरलं होतं. तुझ्या बापानं पेठेत कुणाला न सांगता अर्ज टाकला होता, खालच्या साहेबाची शिफारसही झाली होती. फक्त मोठ्या साहेबांची सही राहिली होती, आणि ती त्या दुपारी चार वाजता होणार होती. दुपारी दोनला मी गुलाल घेऊन गेलो. त्या अर्जावर लाल शाईनं आडवी रेघ होती, आणि खाली लिहिलं होतं, यापुढे कोणाही खेळाडूस अशी रजा मिळणार नाही. तारीख तीच.

तुझा बाप घाबरला नव्हता रे. तो निघाला होता. मी त्याच्या वाटेत नाचत होतो.

तेरा वर्षं मला हे माहीत आहे आणि मला माहीत आहे हे लोकेशला माहीत नाही. त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही, तुझ्या आईलाही सांगितलं नसेल. उलट मस्कतचा व्हिसा आला तेव्हा मुंबईपर्यंत सोडायला तोच आला होता, रजा टाकून. वाटेत मला सांगायचं होतं. साताऱ्याला सांगू, पुण्याला सांगू, असं करत विमानतळ आला. मग दर सुट्टीला तू माझ्या पाया पडायचास, राजीनाम्याची गोष्ट सांगा म्हणायचास, आणि मी सांगायचो. बाप तुझा शेजारी बसून ऐकायचा. मला ते गोड लागायचं बंटी. सगळं गेलेल्या माणसाला एवढी एकच गोष्ट उरली होती, ती मी तुझ्या बापाच्या जिवावर खात राहिलो. लाज वाटते. हे लिहितानाही दोनदा कागद बाजूला ठेवला.

आता शुक्रवारच्या फोनचं. लोकेशनं मला तुला अडवायला सांगितलं नाही. पोरानं खेळू नये असं तो एकदाही म्हणाला नाही. आधी बराच वेळ माझ्या गुडघ्याचं विचारत बसला, इथल्या उन्हाचं विचारलं. मग म्हणाला, रजा आता परत मिळायला लागलीय, दोन वर्षांची, जागा राखून. साहेबांशी तो स्वतः बोललाय, अर्ज भरलाय, पोराची सही तेवढी राहिलीय. आठ दिवस तो कागद शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. माझ्या हातून तो घेणार नाही लहू, म्हणाला, तुझं ऐकतो, तू सांग. मी हो म्हणालो. पण मी सांगितलं म्हणून तू सही करावीस, हे मला नकोय. मला हिरो समजून तू माझं ऐकल्यासारखं ते होईल, आणि ती गोष्ट आता खलास. हे पत्र मी लिहिलं ते तू बापाकडं जावंस म्हणून. सोमवारच्या हलगीवाल्याला त्याचे पैसे देऊन परत पाठव, गुलाल ठेवून दे, गोल मारल्यावर लागेल. आज घरी जा, बापासमोर उभा राहा आणि हात पुढं कर. काही बोलू नको, त्याला कळेल. कागद देणारा त्याचा हात मी झिडकारला होता तोच आहे. सही कर, आणि मग खुशाल जा खेळायला. त्याच्या वाटणीचंही खेळ.

तुझाच,
लहूकाका