सहा फूट बाय चार

२ डिसेंबर, मंगळवार
आजपासून लपवणं बंद. कोणापासूनही. नऊ चित्रं तयार आहेत. प्रदर्शन १२ ते १४. सगळ्यात मोठं सहा फूट बाय चार: योगेशच्या गावचा, मांजरीचा ऊस, बोअरचा पाइप, पाइपाखाली अंघोळ करणारे मी आणि योगेश. अंगावर कपडा नाही. दोघांची तोंडं समोर. नाव: ‘अभिनव आणि योगेश’. खेड्यात असलं काही नसतं म्हणणाऱ्यांनी यावं आणि बघावं.
योगेशची एकच अट. चित्रात मी हाय तर पाटीवर पण पाहिजे, आणि शेजारी तू. नाहीतर मी मांजरीला परत राहायला जातो.
अट कसली? माझा मुद्दाच तो आहे.
विश्रांतवाडीत दोन वर्षं एकत्र राहतो. घरमालकांना चुलतभाऊ म्हणून सांगितलंय. तो व्यवहार. लपवणं नव्हे.

४ डिसेंबर
हॉलचे व्यवस्थापक श्यामसुंदर. सत्तरीच्या पुढचे. भांडणाच्या तयारीने गेलो. समलिंगी, शरीर, ग्रामीण, सगळे शब्द वापरले. ते म्हणाले, विषयाला आमची हरकत नाही, खिळ्याला आहे. चित्रं दोरीने टांगायची.
विरोध असाही असतो.
पत्रिका छापल्या. चित्रकार: अ. ना. पूर्ण नावात अहंकार असतो.

६ डिसेंबर, सकाळी ७
पुसदहून बाबांचा फोन. सोनूने त्यांना मोबाइलवर पत्रिका दाखवली. या बहिणीला काही कळत नाही. बाबांनी विचारलं, कायचं प्रदर्शन आहे रे? मी ठामपणे सांगितलं: ऊस. खोटं नाही. मोठ्या चित्रात निम्मा ऊसच आहे. बाबा खूश. म्हणाले, कंप्युटर सोडून कामाचं काही केलं एकदाचं.
योगेशला सांगितलं. तो म्हणाला, मी आईला सांगितलं तवा ती ज्वारी काढत होती. म्हणाली, आधी पेंढ्या बांध. झालं. तुझं काय एवढं?
प्रत्येकाची आई ज्वारी काढत नसते.

९ डिसेंबर
बाबा रविवारी येताहेत. एकटे नाहीत. उसाचं प्रदर्शन म्हटल्यावर शेजारच्या कोंडीरामकाकांनी जीप ठरवली. नऊ जण. लावायला बेणं भेटते काय, हे विचारून ठेवायला सांगितलंय.
भिण्याचं कारण नाही. हेच माझे खरे प्रेक्षक.
पाटी बदलली. ‘दोन आकृती’. जास्त वैश्विक आहे.

११ डिसेंबर
माझ्या कमरेला पंचा रंगवला. रचनेत खाली पांढरा कमी पडत होता. बाल्कनीत वाळत असलेला समोर ठेवून काढला: निळा काठ, कोपऱ्यात आईने ओळखीसाठी घातलेला लाल टाका. तपशिलात मी तडजोड करत नाही.
योगेश तसाच. त्याच्या बाजूला पांढरा पुरेसा होता. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, मला एकट्यालाच उघडं पाडलंस. मी रंगसंगती समजावली. तो जेवला नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
उद्घाटन. अभिप्रायवहीत पहिली नोंद एका निवृत्त शिक्षिकेची: ‘तिसरे चित्र तिरके आहे. बाकी ठीक.’
पुण्यात ‘बाकी ठीक’ म्हणजे क्रांती.

१३ डिसेंबर
चित्रातल्या माझ्या तोंडावर तपकिरी कागद चिकटवला. अर्धं झाकलेलं जास्त बोलतं. योगेश म्हणाला, माझ्या तोंडाला हात लावायचा नाही. लावणार नव्हतोच.
ठराव: उद्या बाबांसमोर मी स्वतः कागद काढणार. अख्ख्या जीपसमोर. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

१४ डिसेंबर, रविवार, दुपारी ४
जीप अकराला आली. त्याच वेळी जिन्याखालच्या खोलीत जादा दोरी आहे का, हे बघणं गरजेचं होतं. पाऊण तास लागला. दोरी पुरेशी आहे.
पुढचं श्यामसुंदर यांनी सांगितलं. अहो, तुमचे वडील होते ते, आपली भेट नाही झाली? मग तपशील. नऊ जणांनी चपला दाराबाहेर काढल्या. थेट मोठ्या चित्रासमोर थांबले. कोंडीरामकाकांनी विचारलं, किती महिन्यांचा आहे हा? योगेश म्हणाला, दहा. ठिबकवर. बाबांनी विचारलं, हा तूच काय? व्हय काका, मीच. थंडी नाही वाजली? बोअरचं पाणी सकाळी कोमट असतंय. बाजूचा कोण? योगेश म्हणाला, त्यालाच विचारा, हितंच कुठंतरी हाय.
बाबा जवळ गेले. वाकून लाल टाका बघितला. म्हणाले, हा पंचा तं आमच्या घरचा आहे.
मग त्यांनी हॉलभर बघितलं. थोडा वेळ थांबलेही.
योगेश सगळ्यांना मांजरीला घेऊन गेला, बेणं दाखवायला. त्याची बॅग सोबत होती, हेही श्यामसुंदर म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

साडेचार
कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंगही आला. तोंडाच्या जागी कोरा कॅनव्हास.

पाच
वहीतली शेवटची नोंद बाबांची. पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाइल नंबर.
‘ऊस चांगला. पोरगा चांगला. आमचा दिसला नाही.’