परड्याचं झालं खाचर

हिर्डोशी,
राखीपौर्णिमेनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप आक्का हिला हनुमंताचा दंडवत. दाजींना नमस्कार सांग आणि त्यांचा खोकला कसा आहे ते कळव. (मंगल म्हणते, अडुळशाचा काढा घ्या म्हणावं. मी म्हणतो, आधी पंख्याखाली झोपायचं बंद करा म्हणावं. दोन्ही निरोप सांग, कुठला ऐकायचा ते त्यांचं ते ठरवतील.) तुझी राखी पोचली. पाकीट भिजलं होतं, त्यामुळं गोंड्याचा रंग माझ्या मनगटाला लागलाय आणि आता राखी सोडली तरी तो जायचा न्हाई. हितं सगळी खुशाल आहेत. आई खुशाल आहे. हे दोनदा लिहिलंय असं समज, कारण माझ्या पत्रात तुला एवढीच ओळ वाचायची असते.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोन केला की तू पहिल्यांदा विचारतेस, बाथरूम झालं का. मी "त्याचं असं झालं" म्हणेपर्यंत तू रागावून फोन दाजींकडं देतेस, आणि दाजी मला भोरात नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगत बसतात. म्हणून लिहितोय. पत्र सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतो, सोबत नाचणीचं पीठ आहे. पत्रात मला मधी कुणी तोडत न्हाई. तर उत्तर आधी देतो आणि हकीगत मागनं सांगतो: बाथरूम झालं. उभं आहे, कोरडं आहे, आणि माझा जीव भांड्यात पडलाय.

शिमग्याच्या टायमाला आई परड्यात घसरली, मनगटाला प्लास्टर घातलं, तवा तू दवाखान्याच्या दारात उभी राहून मला जे बोललीस ते मी विसरलेलो न्हाई. म्हणालीस, गौरी बसायच्या आत मागच्या दाराला लागून सपाट जागेवर बाथरूम-संडास बांध, न्हाईतर मी गौरीला येईन आणि जाताना आईला भोरला घेऊन जाईन. तू बोलतेस ते करतेस हे मला लहानपणापासनं ठाऊक आहे. (माझा लाल भोवरा तू अभ्यास न्हाई केला म्हणून काढून घेतलास, तो अजून माघारी मिळालेला न्हाई.) तवापासनं मला घास गोड लागत नव्हता. मंगलला विचार. भाकरीचा चतकोर ताटात ठेवून उठायचो आणि परड्याकडं बघत उभा राहायचो.

आपलं परडं तुला माहीत आहे. मागच्या दारातनं लिंबू टाकलं तर ते थेट ओढ्यात जाऊन थांबतं, आणि संडास नेमका पार खाली. मी सगळी नोकरी वरंध्याच्या घाटात एसटी चालवण्यात काढली, मला उताराचं काही वाटत न्हाई. पण एसटीला ब्रेक असतो, आईला न्हाई. म्हणून वैशाखात पप्पूचा जेसीबी आणला. (हा पप्पू आधी लग्नात डीजे लावायचा, आता जेसीबी चालवतो, आवाज तेवढाच.) आता आपल्या गावात जेसीबी यायचा म्हणजे काय असतं ते भोरात बसून तुला कळायचं न्हाई. जेसीबीच्या आधी बातमी आली. फाट्यापासनं आपल्या घरापर्यंत दारोदार माणूस उभा, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, जाता जाता एक बकेट मारा. कुणाला उकिरड्याचा खड्डा पाहिजे, कुणाच्या दारातला धोंडा हलवायचाय, कुणाचं वाळलेलं खोड उपटायचंय. मीटर माझा पळतोय, पण न्हाई कुणाला म्हणायचं? उद्या ह्यांच्याच खांद्यावरनं जायचंय. पप्पू आपल्या परड्यात पोचला तवा ऊन कलायला लागलं होतं आणि त्याला भूक लागली होती. तरी जेवून त्यानं काम चोख केलं. घराकडची वरची माती खणून खाली ढकलली, खालच्या कडेला आमी दगड रचून तालीची भिंत घातली, आणि उताराची पायरी झाली.

गवंडी किकवीचा, इंद्रजित. त्याच्याकडं लग्नसराईतल्या मांडववाल्यासारखी कामं. त्यानं फोनवर सांगितलं, जागा सपाट करून ठेवा, माती बसू द्या, पाऊस लागून हातातली कामं थांबली की मी येतो. सपाट म्हणजे कसं ते त्यानं सांगितलं न्हाई आणि आमी विचारलं न्हाई. भात लावणाऱ्या माणसानं सपाट म्हणजे काय हे विचारायचं असतं का? म्या शेजारच्या गेनबाला हाक मारली. गेनबासारखं भाताचं खाचर ह्या खोऱ्यात दुसरं कुणी करत न्हाई, हे तुलाही मान्य होईल. गेनबानं बैल आणले. टाकीतलं पाणी सोडून उंचवटे कुठं आहेत ते बघितलं, चिखल तुडवला, वरनं फळी फिरवली, परत पाणी सोडलं, परत फळी. कडंनी चांगला हातभर उंचीचा बांध घातला, कारण बांध न्हाई घातला तर त्याला झोप लागत न्हाई. वाळल्यावर ती जागा अशी दिसायला लागली की माणसं मुद्दाम वाकडी वाट करून बघायला यायची. मीही कमरेवर हात ठेवून उभा राहायचो. मंगल एवढंच म्हणाली, पाणी कुठनं जायाचं हो? मी आणि गेनबा हसलो. (आता मी हसत न्हाई.)

आर्द्रा लागल्या आणि परडं भरलं. भरलं म्हणजे मागच्या दाराच्या पायरीला पाणी लागलं. बाकी गावाचं पाणी ओढ्याला पळत होतं, आपलं जागचं हलत नव्हतं. मंगल पायरीवर बसून हात लांब करून भांडी विसळायला लागली, तिला ते लई सोयीचं वाटलं. बेडकांनी तर रात्रीचा कीर्तनाचा फड लावला. मी डोक्याला हात लावून बसलो, आणि गेनबा छत्री घेऊन बांधावर उभा, डोळ्यात पाणी आल्यासारखा. म्हणतो, "हनुमंता, थेंब सुटत न्हाई बघ." त्याला काय बोलायचं? माणसानं जीव लावून काम केलं होतं. चूक एवढीच, की आपल्याला ते काम नको होतं.

बांध फोडायचं ठरवलं, पण त्या आठवड्यात मला पेन्शनच्या कामाला भोरला यावं लागलं. (तुझ्याकडं आलो न्हाई त्याचं कारण आता कळंल.) तू आईच्या गुडघ्यांसाठी वर बसायचा कमोड सांगितला होतास, तो घेतला आणि माघारी यायला एसटीत चढवला. कंडक्टर म्हणाला, लगेज लागंल. म्या म्हणलं, बाबा, मी ह्याच गाडीचा डायव्हर होतो. तो म्हणाला, तुमाला सोडतो, ह्याला न्हाई. तिकीट काढलं. शेवटच्या शिटावर खिडकीशी त्याला बसवला, गडगडू नये म्हणून माझा गमछा बांधला. गाडी भरत गेली तसं एकेक माणूस मागं यायचं, बघायचं, आणि उभ्यानंच जायचं. महाडला निघालेल्या एका बाईनं मात्र त्याच्या झाकणावर तिचं गाठोडं ठेवलं आणि मला विचारलं, भाऊ, हा तुमच्या संगट हाय का? म्या मान खाली घालून व्हय म्हणलं.

खांद्यावर कमोड घेऊन घरी आलो, मागच्या दारातनं बघतो तर परड्यात आई गुडघाभर चिखलात. डॉक्टरनं जिला ओल्या फरशीवर चालू नको म्हणून सांगितलंय ती. पदर खोचलेला, डाव्या हातात रोपाची जुडी, आणि वाकून भात लावतीय. मंगल आणि दोन आयाबाया बरोबर. निम्म्याच्या वर लावून झालं होतं. आईनं वर न बघताच सांगितलं, "आरं, रोप उरलं हुतं. टाकून द्यायचं व्हय? आन् हितं एवढा चिखल रिकामा." म्या म्हणलं, आई, ही तुझ्या बाथरूमची जागा आहे. ती म्हणाली, "बाथरूम कुठं पळून चाललंय? ते काय आषाढातच लावावं लागतं का?" ह्याला उत्तर दाजींना सुचत असंल तर कळव. मी कमोड बांधावर ठेवला आणि पाय धुतले.

तो तितंच राहिला. भात तरारून वर आलं, मधी पांढरा कमोड, आणि त्याच्यावर रोज सकाळी एक बगळा. माझ्या डोळ्यापुढं मात्र तूच दिसायचीस, गौरीचं सामान घेऊन मागच्या दारात उभी, आणि आईची पिशवी तुझ्या हातात. एकदा तर मी बगळ्याला दगड मारला. (लागला न्हाई.) अशात इंद्रजित आला. त्यानं पहिल्यांदा विचारलं, ह्याला खत कुठलं घातलं? त्यानंतर त्यानं जो पाढा वाचला तो सगळा लिहीत न्हाई. सार एवढं, की घराजवळची जमीन घरापासनं बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन करायची असते, पाणी निघून जायाला. हे तर घराच्या पायाशी तळं बांधलंय. ढाळ हा शब्द ऐकून गेनबा भडकला. त्याच्या हातच्या खाचराला आजवर कुणी ढाळ आहे म्हणलं नव्हतं, आणि हा किकवीचा माणूस मुद्दाम द्या म्हणतोय. दोघांची अशी जुंपली की मंगलनं दोनदा चहा ठेवला आणि दोनदा उतरवला.

शेवटी निकाल आईनं दिला. घरालगतची वरची पट्टी बाथरूमला, खालचं भात तिचं, आणि मधी गेनबानं नवा बांध घालायचा. पट्टीतली रोपं तिनं सोताच्या हातानं उपटून खाली लावली, एकही वाया जाऊ दिलं न्हाई. इंद्रजित म्हणाला, वरची जमीन खणलेली आहे, भरावाची न्हाई, तवा ती खचायची भीती न्हाई. मग आमी तिघांनी सगळा चिखल उपसला, पार कडक लागेपर्यंत. दगड भरले, वर मुरूम टाकला, धुमसानं ठोकून ठोकून माझे खांदे भरून आले. डोंगराकडनं येणारं पाणी अडवायला घराच्या बाजूनं चर खणला आणि ओढ्याला सोडला. इंद्रजितनं तांब्याभर पाणी ओतलं, ते घराकडं पाठ करून सरळ बाहेर गेलं. गेनबानं तोंड फिरवलं, पण चराचं तोंड त्यानंच दगडानं बांधून दिलं. ताडपत्री धरून भिंती झाल्या, पत्रा पडला, कमोड बसला.

आणि मग मागच्या आठवड्यातला तो पाऊस. तुमच्याकडंही झाला असंल, हितं तर समोरचा डोंगर दिसत नव्हता आणि घाट बंद होता. मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसलो. गाडी उतारावर लावून खाली उतरल्यावर चाकाला दगड लावलाय का न्हाई ते मी जसं परत परत बघायचो, तसा दर थोड्या वेळानं उठून बघत होतो. आक्का, चर तुडुंब वाहत होता. बाथरूमच्या पायाशी थेंब न्हाई. स्वयंपाकघरात ओल न्हाई. दारापासनं बाथरूमपर्यंत आई पदर डोक्यावर घेऊन चालत गेली, घसरली न्हाई, चाचपडली न्हाई, आणि मी खुर्चीत बसून रडलो. मंगल म्हणाली, आता काय झालं? म्या म्हणलं, काही न्हाई झालं, म्हणूनच.

तर असं आहे. गौरीला तू ये, दाजींना आण, चार दिवस रहा, बाथरूमला जाऊन ये आणि काय नावं ठेवायची ती ठेव. पण आईला न्यायचं कारण आता उरलेलं न्हाई, हे तू कबूल करशील असं मी धरून चालतो. थोरांना नमस्कार, लहानांना खाऊ, आणि तुझ्या शेजारणीला माझा फोन नंबर देऊ नको, ती एसटीच्या पासबद्दल विचारते.

तुझा धाकटा,
हनुमंत

ता. क. – पाय घसरू नये म्हणून बाथरूममधी टाकायची रबरी चटई भोरात मिळते असं मंगल म्हणते. येताना आण. रंग कुठलाही चालंल.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवायच्या आधी पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं शांतपणानं ऐकलं, कमोडच्या तिकिटाला हसली, आणि शेवटी तुझं नाव घेऊन विचारलं, "लता मला न्यायला येणार हुती?" घोळ असा आहे आक्का, की तुझं ते गौरीचं बोलणं म्या तिला आजवर सांगितलंच नव्हतं. उगं तिच्या जिवाला घोर नको म्हणून. तर मला म्हणाली, "गाढवा, मग सांगायचं न्हाईस व्हय? मी कवाच गेली असती." शिमग्यापासनं मी तिच्या मागं मागं हिंडतोय, हे उचलू नको, तितं जाऊ नको, थांब हात धरतो, ह्याचा तिला वीट आलाय म्हणे. तिला चार म्हैने कुठंतरी एकटीनं संडासला जायचंय. आता आत पिशवी भरतीय.

शेवटचं – पत्र नव्यानं लिहायला वेळ न्हाई, एसटी फाट्यावर आली असंल. तर एवढं कर. ती तुला फोन करील. घरात रंगकाम चाललंय म्हण, दाजींच्या गावची माणसं उतरलीत म्हण, काय सुचंल ते म्हण, पण ये म्हणू नको. तिला भोरात करमंल, मला ठाऊक आहे. मला हितं करमायचं न्हाई. मागं मागं हिंडायचं बंद करतो असं म्या तिला आत्ताच कबूल केलंय. तिनं पिशवीतनं एक लुगडं बाहेर काढून ठेवलंय. दुसरं अजून आतच आहे.